अठरा दाते, दोन कुत्रे

सायकलीचं कौतुक करणारे तिच्या उंचीचं करतात, दांड्याचं करतात, घंटीचं आणि नव्या टायरचंही करतात. मागच्या चाकाच्या उजव्या अंगाला, चेनच्या आणि काळ्या वंगणाच्या आड बसलेल्या फ्रीव्हीलकडे वाकून कोणी पाहत नाही. तळहातावर मावेल एवढा तो पोलादी ऐवज. बाहेर अठरा दाते, पोटात दोन कुत्रे. कुत्रे हे त्यांचं दुकानातलं नाव, नागपूरच्या सदरमध्ये तेच चालतं. सेंटिमीटरभर लांबीचे दोन पोलादी तुकडे. एक टोक खोबणीत टेकलेलं, दुसरं टोक बारीक तारेच्या स्प्रिंगवर कायम उचललेलं. त्यांच्याभोवती आतून तिरपे दाते कापलेली कडी फिरते. पायडल पुढे मारलं की त्या कडीचा दाता कुत्र्याच्या तोंडात अडकतो आणि चाक ओढलं जातं. पाय थांबला की चाक आपल्या गतीने पळत राहतं, कुत्रे दात्यांवरून घसरत टिकटिकत राहतात आणि पायाला कसलाही त्रास होत नाही.

म्हणजे हे पात्र राबताना गप्प असतं आणि बोलतं ते विसाव्यात. धरायचं केव्हा आणि सोडायचं केव्हा, एवढंच त्याला कळतं, पण ते अचूक कळतं. सायकलीच्या दुसऱ्या कुठल्याही भागाला ही दोन्ही कामं येत नाहीत. चेन फक्त ओढते, ब्रेक फक्त अडवतो, हब फक्त फिरतो.

आमच्या घरची काळी, दांड्याची, चोवीस इंची सायकल सदरच्या रस्त्यांवर वाढली. रेसिडेन्सी रोड, लिबर्टी टॉकीज, मंगळवारी बाजार, छावणी, तिथून काटोल रोड, हा तिचा मुलूख. बाबा गल्लीच्या तोंडाशी पाय थांबवत आणि ती टिकटिक दारापर्यंत येई. आई त्या आवाजावर चहाचं आधण ठेवायची. शेजारच्यांच्या सायकलीही टिकटिकत येत, पण आमचं फ्रीव्हील जरा जाड आवाजाचं, सावकाश बोलणारं. घरातल्या कोणालाही ते ओळखू येई.

नागपुरात तेव्हा असे आवाज पुष्कळ होते. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, मोतीबागचा रेल्वे कारखाना १८७९ चा. गिरणी आणि कारखाना यांच्या पाळ्यांवर शहराची घड्याळं लागायची आणि त्या पाळ्यांना जाणारी माणसं पुढे सायकलीवर आली. शिवाय सायकल रिक्षा. दोन सवाऱ्या आणि त्यांचं सामान घेऊन मंगळवारीच्या रेल्वे पुलावर चढणाऱ्या रिक्षाचं फ्रीव्हील जे सोसतं, ते आपल्या सायकलीच्या वाट्याला जन्मात येत नाही. त्या रिक्षावाल्याने चढाच्या मध्यावर पूर्ण अंग टाकून पायडल दाबलं आणि तेवढ्यात कुत्रा सुटला, तर गुडघा दांड्यावर आपटतो आणि सवाऱ्यांसह रिक्षा मागे येऊ लागते. कुत्र्यांच्या दुरुस्तीला मी किरकोळ काम म्हणत नाही ते यासाठी.

हा भार किती असतो ते पाहा. ६० किलो वजनाचा माणूस आडव्या पायडलवर उभा राहिला, क्रँक साडेसहा इंची असली आणि पुढचा चक्का ४४ दात्यांचा असला, तर चेनमध्ये ११० किलोच्या आसपास ताण येतो. कुत्रे मध्याच्या आणखी जवळ बसलेले, त्यामुळे त्यांच्या टोकांवर चेनपेक्षाही जास्त जोर येतो. दोघांनी तो वाटून घ्यावा अशी रचना असते. एक कुत्रा झोपला की सगळा भार दुसऱ्यावर पडतो, त्याचं टोक झिजायला लागतं आणि मग दोघंही जातात. पहिल्या कुत्र्याची तक्रार ऐकली तर दुसरा वाचतो.

फ्रीव्हील नव्हतं तेव्हा चाक फिरेल तोवर पाय फिरवावेच लागत. उतारावर लोक पायडलवरून पाय उचलून समोरच्या फोर्कवर ठेवत, आणि घसरगुंडी झाली की हाडं मोडून घेत. अमेरिकेत विल्यम व्हॅन अँडन यांनी १८६९ मध्येच फ्रीव्हीलचं पेटंट घेतलं, पण घरोघरच्या सायकलीत ते रुळायला त्या शतकाची अखेर उजाडली. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर सायकलींचे कारखाने उभे राहिले: मद्रासला १९४९ मध्ये टीआय, सोनिपतला १९५१ मध्ये अ‍ॅटलस, लुधियान्याला १९५६ मध्ये हीरो. लुधियान्यात हीरोच्याच परिवाराने फ्रीव्हील बनवण्यासाठी १९७१ मध्ये हायवे सायकल नावाचा वेगळा कारखाना काढला. सायकलीच्या एका भागासाठी स्वतंत्र कारखाना लागावा, यावरून त्या भागाची योग्यता कळते.

आता आमच्या फ्रीव्हीलच्या दुखण्याकडे येतो.

डिसेंबरात नागपूरचा पारा दहाच्या खाली उतरतो. तशा सकाळी सायकल घसरू लागली. पायडल मारलं की पाय रिकामाच खाली जाई, चेन पळे, दाते फिरत आणि चाक जागचं हलत नसे. दोन-तीनदा मारलं की मधेच पकडे आणि चालू लागे. दुपारी मात्र काही तक्रार नाही. मंगळवारी बाजाराजवळच्या एका गल्लीत सायकलीचं जुनं दुकान आहे. दुकान म्हणजे लिंबाखालची टपरी, एक शिकंजा, पाण्याचं घमेलं, पत्र्याच्या पेटीत पाने, छन्न्या आणि पोगर. तिथल्या मिस्त्रीकाकांनी सायकलीला हात लावण्याआधी प्रश्न विचारले.

“घसरते म्हंता, पण कशी घसरते? झटका देते का पाय रिकामा जाते?”

“रिकामा जातो, काका.”

“सकाळी जास्त का दुपारी?”

“सकाळी.”

“मग थांबा जरासे. नवीन फ्रीव्हील नका घेऊ एवढ्यात.”

या दोन प्रश्नांत निम्मं निदान असतं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. सायकल घसरते असं म्हणणाऱ्या दहा जणांच्या सायकलींची दुखणी वेगवेगळी असू शकतात. झटका लागून गाडी पुढे उडी मारते, तेव्हा बहुतेक वेळा दोष चेनचा आणि दात्यांचा. चेन ताणली गेली की तिच्या कड्या दात्यांच्या बुडाशी न बसता टोकांवर चढतात आणि जोर आला की दाता ओलांडून जातात. चेनची परीक्षा साध्या फूटपट्टीने होते. साध्या सायकलीच्या चेनची एक कडी अर्ध्या इंचाची, तेव्हा २४ कड्या बरोबर १२ इंचांत बसायला हव्यात. एक अष्टमांश इंच जास्त भरल्या तर चेन गेली आणि तिच्यासोबत दातेही गेले असं समजावं. तशा वेळी नुसती चेन बदलून भागत नाही. नवी चेन जुन्या झिजल्या दात्यांवर आणखी उड्या मारते.

पायडलच्या प्रत्येक फेरीत एकाच ठिकाणी धक्का बसत असेल तर तो कॉटरचा. क्रँक एक्सलला पकडून ठेवणारी ती तिरपी पिन सैल झाली की पाय एका जागी किंचित खाली जातो आणि ठक्कन लागतो. दोन्ही पायडल आडवी ठेवून एक दाबून पाहिलं की कळतं. मागचे नट सैल असतील तर जोर लावताना चाकच तिरपं होतं आणि टायर फ्रेमला घासतो. हे सगळं तपासायला पाचेक मिनिटं पुरतात, आणि त्या पाच मिनिटांत फ्रीव्हीलवर येणारे खोटे आळ दूर होतात. उगाच बदललेली कितीतरी चांगली फ्रीव्हीलं मी भंगारच्या पेटीत पाहिली आहेत. दोष कॉटरचा होता आणि फाशी कुत्र्यांना झाली.

पाय रिकामा जातो तेव्हा मात्र दोनच शक्यता उरतात, आणि त्या वेगळ्या करण्यासाठी मिस्त्रीकाकांनी खडू घेतला. फ्रीव्हीलचं आतलं अंग हबवर आट्यांनी बसलेलं असतं. त्या अंगावर आणि त्याच्या रेषेत एका स्पोकवर त्यांनी खूण केली. मला मागचा ब्रेक घट्ट दाबायला लावला आणि पायडलवर हाताने जोर दिला. चेन सरकली, दाते फिरले, पण खडूच्या दोन्ही खुणा समोरासमोरच राहिल्या. म्हणजे आतलं अंग हबला धरून आहे, आटे शाबूत आहेत, सुटलेत ते कुत्रे. खुणा एकमेकींपासून सरकल्या असत्या तर हबचेच आटे उडालेले असते, आणि मग फ्रीव्हील कितीही नवं आणलं तरी ते हबवर फिरतच राहिलं असतं. त्या दुखण्यावर इलाज एकच, हब बदलणं. म्हणजे सगळे स्पोक सोडून चाक नव्याने विणणं. काळ्या सायकलीच्या मागच्या चाकाला ४० स्पोक असतात, तेव्हा काम मोठं. आटे उडतात ते मुख्यतः घाईने. सव्वा इंचाहून थोड्या मोठ्या व्यासावर, इंचाला २४ असे बारीक आटे. फ्रीव्हील तिरपं चढवून पान्याने रेटलं की कापले गेलेच. म्हणून चांगला मिस्त्री पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच देतो. पुढे ते घट्ट करायचं काम चढ करतो. पायडलचा प्रत्येक जोर फ्रीव्हीलला हबवर आणखी आवळतो. नवं बसवल्यावर पहिल्या जोराला ते कधी पाव फेरा सरकून बसतं. त्या सरकण्याला घाबरायचं कारण नाही.

पण हाच गुण काढताना आडवा येतो. वर्षानुवर्षं पायांनी आवळलेलं फ्रीव्हील हाताने सुटत नाही. त्याच्या खाचांत बसणारा खास पाना शिकंज्यात पकडायचा, त्यावर चाक आडवं ठेवायचं आणि रिम दोन्ही हातांनी धरून डावीकडे वळवायची. आमचं फ्रीव्हील तीन हिसक्यांनी सुटलं. सुटताना ते जे करकरलं, त्याने समोरच्या पानठेल्यावरचे लोक वळून पाहू लागले.

कुत्र्यांपर्यंत जायचं तर तोंडावरचं झाकण उघडावं लागतं. त्याला दोन छिद्रं असतात, छिद्रात पोगर टेकवून हातोडीने ठोकायचं, आणि इथे भले भले चुकतात. या झाकणाचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. त्यामागे कारण आहे. पाय थांबवून सायकल पळत असते तेव्हा बाहेरची कडी थांबलेली आणि आतलं अंग फिरतं असतं. आटे सरळ असते तर त्या घासण्याने झाकण थोडं थोडं सैल होऊन एखाद्या दिवशी रस्त्यात गळून पडलं असतं. उलट्या आट्यांमुळे तेच घासणं त्याला आवळतं. ज्याने हे प्रथम ठरवलं त्याच्याविषयी मला फार आदर वाटतो.

झाकणाखाली पातळ पत्र्याच्या एक-दोन कड्या निघतात. त्या हरवू नयेत. फ्रीव्हील लडखडणार की गच्च बसणार हे त्यांच्या जाडीवर ठरतं. त्यांच्या खाली एक अष्टमांश इंचाचे छर्रे दोन ओळींत बसलेले असतात. मिस्त्रीकाकांनी खाली जुनं धोतर अंथरलं होतं, म्हणून ते लिंबाखालच्या मातीत गेले नाहीत. कडी उचलली आणि आमचे दोन कुत्रे इतक्या वर्षांत प्रथमच माझ्यासमोर उजेडात आले.

दोघंही शाबूत होते. टोकांना धार होती, स्प्रिंग तुटलेल्या नव्हत्या. पण खोबण्या पिवळ्या घट्ट ग्रीसने भरलेल्या, त्यात उन्हाळ्याची धूळ मिसळून त्याचा लगदा झालेला. मागे कधीतरी दुसऱ्या कोण्या दुकानात कुणी प्रेमाने ग्रीस ठासलं होतं. थंडीत ते गोठे आणि कुत्र्यांना उठू देत नसे. ऊन चढलं की सैल होई आणि कुत्रे कसेबसे वर येत. सकाळी घसरणं आणि दुपारी न घसरणं, याचा उलगडा तो होता.

“याले ग्रीस कोणं पाजलं?” मिस्त्रीकाका खरोखर चिडले होते. “कुत्ते मेले नाहीत, भाऊ. झोपून राहिलेत.”

हबच्या एक्सलला ग्रीस लागतं, तिथे ते योग्यच. कुत्र्यांच्या स्प्रिंगमध्ये मात्र जाड ग्रीस हलवता येईल एवढी ताकद नसते, आणि ती असूही नये, नाहीतर टिकटिकीसोबत पायालाही अडथळा जाणवेल. तिथे पातळ तेलच हवं, शिलाई यंत्राचं असतं तसं. आमच्या शहराची हवा या बाबतीत कठोर आहे. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. तसल्या उन्हात पातळ तेल ओघळून जातं आणि मागे धूळ उरते. नंतर पावसाळा ती धूळ भिजवून गंज चढवतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि शहराच्या खोलगट वस्त्यांत पाणी शिरलं. तशा पाण्यात काही तास बुडालेल्या सायकलीची चेन लोक पुसतात, सीट वाळवतात, फ्रीव्हील मात्र तसंच राहतं, कारण बाहेरून ते कोरडं दिसतं. गंजाने स्प्रिंग तुटली की मग कुत्रा खरोखरच जातो. टोक गोल झालं असेल तरीही जातो. घासून धार लावायच्या फंदात पडू नये, वरचं कडक पोलाद निघून जातं आणि तो महिनाभरही टिकत नाही. त्या दोन्ही वेळी फ्रीव्हील बदलावंच.

आमचं बदलावं लागलं नाही. मिस्त्रीकाकांनी सगळं डिझेलच्या डब्यात बुडवलं. पूर्वी यासाठी घासलेट असे, आता ते मिळत नाही. ब्रशने खोबण्या घासल्या, फडक्याने पुसल्या. छर्रे जागी चिकटून राहावेत म्हणून त्यांच्या वाटीत ग्रीसचं बोट फिरवलं, कुत्र्यांच्या खोबणीत तेलाचे दोन थेंब सोडले. यानंतरची करामत पाहण्यासारखी होती. दोन्ही कुत्रे वर उचललेले असताना त्यांच्यावर कडी बसत नाही. त्यांनी दोन्ही कुत्र्यांभोवती शिवायचा दोरा गुंडाळून ते दाबून धरले, वरून कडी सरकवली, आणि ती बसली तशी एका टोकाने दोरा ओढून काढला. आतून दोनदा ‘टक्’ झालं. झाकण उलट्या आट्यांवर आवळून त्यांनी फ्रीव्हील माझ्या कानाशी धरलं आणि बोटाने फिरवलं. जाड आवाजाची सावकाश टिकटिक, दोन्ही कुत्र्यांची, सारख्या अंतराने.

सदरच्या रस्त्यांवर आता गिअरच्या सायकली पुष्कळ दिसतात. सकाळी सेमिनरी हिल्सचा चढ चढणाऱ्या तरुण मंडळींच्या मागच्या चाकात जुन्या पद्धतीचं फ्रीव्हील नसतं. दात्यांच्या चकत्या वेगळ्या आणि कुत्रे हबच्याच अंगात. शिमानोने १९७८ मध्ये ही रचना बाजारात आणली. तिथे निदानाची रीत तीच, हत्यार मात्र वेगळं: पुष्कळ हबमध्ये एक्सल काढून आत १० मिलिमीटरची षटकोनी किल्ली घातली की कुत्र्यांचं अंग सुटतं. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी केली, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून मेरीलँडपर्यंत ४,८०० किलोमीटरहून लांब. पुढच्याच वर्षी त्यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे ९,१०० किलोमीटरहून मोठं अंतर कापलं. त्या अंतरांचा प्रत्येक मीटरही शेवटी असल्याच काही पोलादी टोकांनी धरून ठेवलेला असतो. महागड्या हबलाही जाड ग्रीस सोसत नाही.

काळ्या सायकलीची माणसं कमी झाली, अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनीच थांबला, तरी सदरमध्ये वर्तमानपत्रं, दूध आणि पाव अजून सायकलीवर येतात. ती माणसं नवं फ्रीव्हील घ्यायला मागेपुढे पाहतात आणि घसरणाऱ्या फ्रीव्हीलवरच दिवस काढतात. त्यांना आणि तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. सायकल घसरली तर आधी पाय काय सांगतो ते मिस्त्रीला नीट सांगा आणि फ्रीव्हील बदलण्याआधी ते उघडून दाखवायला लावा. दर पावसाळ्यानंतर सायकल उजवी बाजू वर करून आडवी करा, झाकण आणि कडी यांच्यामधल्या फटीत पातळ तेलाचे चार थेंब सोडा आणि चाक फिरवून दोन्ही कुत्रे बोलतात का ते ऐका. ग्रीस मात्र तिथे कोणालाही घालू देऊ नका.